डॉक्टर जे बोललेच नव्हते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. अण्णांच्या तेराव्याला ज्यांनी माझा हात धरून ‘मास्तर, बापाची लय सेवा केली तुमी’ म्हटलं, त्यांना तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून कदाचित सोपं जाईल — नाही, तेही खरं नाही. जीभ रेटत नव्हती, एवढंच.

मी कवायतीचा मास्तर. ताडकळसच्या बाजूला एका शाळेत पोरांना रांगेत उभं करायचो, शिट्टी फुंकायचो, हात वर, हात खाली. अंग हललं की डोकं तरतरीत राहतं, हे वाक्य मी इतकं घोकलं होतं की पोरं माझी नक्कल करायची. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं कुणी म्हणू नये की बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सत्तरी ओलांडलेली, पण उजाडलं की बाहेर. मारुतीच्या देवळावरून खाली उतरायचे, बौद्धवाड्यात जायचे आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून किसनबापूंना हाक मारायचे. किसनबापू त्यांच्याच वयाचे. दोघांनी लहानपणी एकत्र गुरं राखली होती. मग ही जोडी रानाला वळसा घालून नाल्यापर्यंत जायची आणि पांदीच्या वाटेनं परत यायची. वाटभर भांडण. हे वावर आधी कुणाचं होतं, त्या विहिरीला पाणी कुठल्या साली लागलं, बाभळीच्या शेतात तेव्हा ज्वारी होती की करडई — एक चुकला की दुसरा तिथंच थांबायचा आणि कबूल करून घेतल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. घरी आले की चहा पिता पिता अण्णा मलाच प्रश्न घालायचे. मला एकही यायचा नाही. ‘काय मास्तर झालास रे तू,’ म्हणायचे.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात घरं जळाली नाहीत. पण जळायला जे जे लागतं ते सगळं गोळा झालं होतं. बौद्धवाड्यातल्या माणसाला कामावर बोलवायचं नाही, गिरणीत त्यांचं दळण घ्यायचं नाही, असं पारावर ठरलं. आणि आमचे अण्णा रोज सकाळी त्याच वाड्यात उभं राहून खड्या आवाजात ओरडत होते, ‘ए किसन्या, ऊठ की.’

एका संध्याकाळी भावकीतले दोघं शाळेच्या फाटकापाशी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. थोरला म्हणाला, “मास्तर, अण्णाला आवरा. म्हातारं माणूस हाय, आमी काय बोलणार त्यांला. पण कडब्याची गंजी लय वाळलीय तुमची.” हसत बोलला. हसतच गेले.

अण्णांना हे सांगता आलं नसतं का? आलं असतं. पण मला माहीत होतं — सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते दुप्पट मोठ्यानं हाक मारून आले असते. गंजी जळो, म्हणाले असते. माझ्यात ते नव्हतं. आणि आता लपवायचं कशाला — किसनबापूंच्या घरच्या कपातून अण्णांनी चहा प्यावा, हे मलाही मनातून रुचत नव्हतं. गंजीची भीती खरी होती. तिच्या आडोशाला हेही बसलेलं होतं.

त्याच आठवड्यात अण्णांना घेरी आली. एसटीनं परभणीला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या घ्यायला त्यांना बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, दिवसभर करतात काय? मी उपासांचं सांगितलं, फिरण्याचं आणि वादावादीचंही सांगितलं. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, घेरी उपासाची आहे, उपास बंद करा. पण चालणं बंद करू नका. या वयात माणूस घरात बसला की हळूहळू डोकंही बसतं. सोबती आहे, बोलणं आहे, आठवणं आहे, याच्यापेक्षा चांगलं औषध माझ्याकडं नाही.

मी बाहेर आलो. अण्णा बाकावर बसले होते, टोपी मांडीवर.

“काय म्हनला रे?”

आणि मी — चालायचं नाही म्हणाले, असं सांगितलं. काळजाला ताण बसतो म्हणाले.

“बिलकुल न्हाई?”

“बिलकुल न्हाई.”

त्यांनी उलटून विचारलं नाही. शिकलेल्या माणसाच्या शब्दावर त्यांचा फार विश्वास. डॉक्टर शिकलेला आणि मुलगाही शिकलेला, मग प्रश्नच नव्हता. परतताना एसटीत ते खिडकीशी बसले आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिले. रानांची नावं मात्र त्या दिवशी घेतली नाहीत.

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही म्हणून किसनबापू आमच्या गल्लीच्या टोकाला येऊन थांबले. दारापर्यंत येण्यासारखे दिवस नव्हते. मीच गेलो आणि डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणून सांगितलं. ते माझ्या तोंडाकडं जरा वेळ बघत राहिले. मग “बरं,” म्हणाले आणि गेले. पुढं काही दिवस सकाळी तिथंच उभे दिसायचे. मी त्यांची नजर चुकवून शाळेला जायचो.

मजा अशी की गावात माझं नाव झालं. आमच्याकडं बाप म्हातारपणी रानात हिंडताना दिसला तर लोक पोराला नावं ठेवतात. बाजेवर बसून खाणारा बाप ही पोराची अब्रू. बायको पाणी हातात द्यायची, ताट बाजेवर न्यायची. अण्णा उठायला लागले की घरातलं कुणी ना कुणी ‘बसा बसा, काय पाहिजे?’ करत धावायचं. मास्तरनं बापाला फुलासारखं ठेवलंय, असं बाया पाणवठ्यावर बोलायच्या. मला ते ऐकून बरं वाटायचं. लाज नव्हती वाटत, बरं वाटायचं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, भीतीपोटी झालं. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण मला जे सांगायचं आहे ते हे नव्हेच. ते पुढं आहे.

गाव हळूहळू निवळलं. गिरणी सगळ्यांना चालू झाली. फाटकापाशी आलेल्या त्याच दोघांनी किसनबापूंच्या मुलाला कापणीला बोलावलं. गंजीचं भय उरलं नव्हतं. अण्णा तेव्हा थोडे विसरायला लागले होते — नातीला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारायचे, आपलं जेवण झालं की नाही ते आम्हालाच विचारायचे. पण समजत होतं सगळं. एकदा मी परभणीला निघालो तर मला जवळ बोलावलं.

“परभणीला जायलास ना? डॉक्टरला इचारून ये. आता तरी जरा चालू देतो का म्हनावं. नाल्यापतुर नको. पारापतुर.”

म्हातारा माणूस आपल्या पोराकडं पारापर्यंत जायची परवानगी मागत होता. मी हो म्हणालो. दवाखाना माझ्या वाटेवरच होता. मी आत गेलो नाही. समोरच्या हॉटेलात चहा घेतला, दवाखान्याच्या दाराकडं बघत घेतला. घरी आलो तर अण्णा बाजेवर टोपी घालून तयार बसले होते.

विचारलं, म्हटलं. नाही म्हणाले.

का? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. कुणाचा धाक नव्हता. डॉक्टर आता हो म्हणाले, एवढं एक वाक्य बोललो असतो तर पहिलं खोटंही झाकलं गेलं असतं. मग का? ते पुन्हा बौद्धवाड्यात गेले असते म्हणून? लोकांचं कौतुक अंगवळणी पडलं होतं म्हणून? की बसलेला बाप सांभाळायला सोपा असतो म्हणून? यातलं एकही कारण पुरेसं नाही. सगळी मिळूनही नाहीत. अण्णा “बरं” म्हणाले, टोपी काढली आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

त्यानंतर ते झपाट्यानं गेले — देहानं नाही. आधी वावरांची नावं गेली. मग माणसांची. मग माझं. चालत राहिले असते तर डोकं शाबूत राहिलं असतं का? कुणी सांगावं. पुष्कळांचं वयानं जातंच. पण काय करायचं ते मला डॉक्टरांनी तोंडानं सांगितलं होतं, आणि मी ते अण्णांना मिळू दिलं नाही. दोनदा.

बऱ्याच वर्षांनी, विद्यापीठाचं नाव अखेर बदललं त्या सुमारास, किसनबापू घरी आले. या वेळी दारातून, सरळ आत. अजून पायी हिंडत होते. बाजेच्या कडेला बसले, अण्णांचा हात हातात घेतला आणि एकेका रानाचं नाव घेऊन बघितलं. अण्णांना ते ओळखू आले नाहीत. शेवटी किसनबापूंनी हळूच विचारलं, “चल की अण्णा. पारापतुर जाऊन यू.”

अण्णांनी पाय खाली सोडले. जमिनीला टेकवले. आणि मग त्यांनी ते परत वर ओढून घेतले.

“नको. डॉक्टर न्हाई म्हनलाय.”

स्वतःच्या आईचं नाव आठवत नव्हतं त्यांना. माझं नव्हतं, समोर बसलेल्या जिवाभावाच्या माणसाचं नव्हतं. हे तेवढं होतं.

किसनबापूंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

“खरंच म्हनला व्हता का वो, मास्तर?”

मी हो म्हणालो.