कार्ल हिंडलचा एकुलता एक गोल

कार्ल हिंडल आमच्या हॅदरक्लफ टाउनकडून चौदा वर्षं मधल्या फळीत खेळला. चारशे अकरा सामने झाले आणि गोल झाला फक्त एक, तोही चारशे अकराव्या सामन्यात. मैदानाच्या कोपऱ्यावरची चहा-पॅटिसची टपरी मी सव्वीस वर्षं चालवतेय, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

पोरगा वाईट खेळत नव्हता. मोठ्या शहरातल्या एका मोठ्या क्लबने ‘पाय बरे आहेत, पण वेग नाही’ असं म्हणून एकोणिसाव्या वर्षीच त्याला नारळ दिला होता. मग चार वर्षांत तीन क्लब फिरून तो आमच्या पदरात पडला. आमच्याकडच्या फुटबॉलवर कुणाचं पोट भरत नाही, म्हणून आठवडाभर तो गाडी चालवायला शिकवायचा. निम्मं गाव त्याच्या हाताखाली शिकलं. मी चौथ्या खेपेला पास झाले, पण तो दोष त्याचा नाही.

मैदानातही तो गाडी चालवल्यासारखाच खेळे. पायात चेंडू आला की आधी मागे बघणार, मग डावीकडे, मग उजवीकडे आणि नंतर अगदी सांभाळून जवळच्या माणसाला देणार. समोर गोल उघडा पडलेला असला तरी हा आपला शेजाऱ्याला वाट देणार.

त्याच्या दुसऱ्या मोसमात माझा नवरा डेरेक टपरीपाशी त्याला म्हणाला, “पोरा, तू गोल केलास ना, तर मी मैदानात धावत येईन.”

कार्लच्या तोंडात पॅटिस होतं. तसाच म्हणाला, “तू ये तर खरा, म्हाताऱ्या. अंगातला शर्ट काढून देतो तुला.”

तेव्हापासून कार्लच्या पायात चेंडू आला की अख्खी गर्दी कठड्याकडे सरकायची आणि त्याने तो बाजूला दिला की हसत मागे व्हायची. गावात कुठलंही टाळायचं काम ‘कार्लने गोल केला की’ करायचं असं ठरून गेलं. आमच्या घरापुढच्या कुंपणाचे पोपडे निघाले होते. रंग कधी लावणार म्हणून विचारलं की डेरेकचं तेच उत्तर, आणि असं एक-दोन नाही, बारा वर्षं.

मग कार्लचा गुडघा बोलायला लागला आणि त्याने हा मोसम शेवटचा असं जाहीर केलं. शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. त्याची आई येणार होती, मी मैदानाच्या आकाराचा केक करणार होते, बँडवाले ठरले होते. सगळे खुशीत, डेरेक सोडून. एव्हाना त्याचं वय अठ्ठ्याहत्तर झालं होतं आणि एका खुब्याचं ऑपरेशनही. रोज सकाळी काठी घेऊन तो गल्लीत चालायचा सराव करायचा. पोरगा गोल न करताच गेला तर आपला शब्द लोंबकळत राहणार, एवढाच त्याला घोर होता.

निरोपाच्या सामन्याच्या आदल्या शनिवारी समुद्रकाठच्या एका गावात सामना होता. बस करून आम्ही त्रेचाळीस जण गेलो. आमचा मॅनेजर ट्रेव्हर कार्लला बजावून बजावून थकला होता की आज कार्ड घेऊ नकोस. दोन पिवळी म्हणजे एक लाल, आणि लाल मिळालं की पुढच्या शनिवारी घरी. म्हणजे निरोपाच्या सामन्यात ज्याला निरोप द्यायचा तोच नाही. एवढं सांगूनही विसाव्या मिनिटाला कार्ल एकाच्या घोट्यापाशी नेहमीसारखा जरा उशिरा पोचला आणि पहिलं पिवळं घेऊन बसला.

ऐंशी मिनिटं झाली तेव्हा आम्ही तीन-शून्यने मार खात होतो. एवढ्यात गर्दीतून चेंडू निसटून कार्लच्या पायाशी आला. त्याने मागे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. द्यायला कुणीच मोकळं नव्हतं. नाइलाजाने त्याने पुढे मारला, आणि चेंडू गोलात गेला. आम्ही त्रेचाळीस जण नुसते एकमेकांकडे बघत राहिलो, कारण आता काय करायचं याची आम्हाला सवय नव्हती.

डेरेक मात्र उठला आणि कठड्याच्या फाटकापाशी गेला. तिथे पिवळ्या बंडीतला धिप्पाड रखवालदार उभा होता.

“आत सोड. बारा वर्षांपूर्वी शब्द दिलाय,” डेरेक म्हणाला.

रखवालदाराने त्याची काठी पाहिली. “धावणार नाहीस ना?”

“धावता आलं असतं तर तुला विचारलं असतं का?”

त्याने फाटक उघडलं. डेरेक गवतावरून एक-एक पाऊल टाकत निघाला. पंचाने शिट्टी तोंडापाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. शर्ट काढला की पिवळं कार्ड हा नियम मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. ट्रेव्हर बाकावरून ओरडत होता, “कार्ल, शर्ट नको काढूस. हात मिळव आणि पाठव त्याला.”

कार्लने ट्रेव्हरकडे पाहिलं, पंचाकडे पाहिलं, मग डेरेककडे. आणि शर्ट काढून त्याने स्वतःच्या हाताने डेरेकच्या कोटावरून चढवला.

पंच बिचारा कोवळा होता. “मला दाखवावंच लागेल हो,” म्हणत त्याने आधी पिवळं आणि मग लाल दाखवलं.

“दाखव की,” कार्ल म्हणाला. “नाहीतरी याला सोडायला मी बाहेर निघालोच होतो.”

उघड्या अंगाने, डेरेकचा हात धरून, डेरेकच्या चालीने तो बाहेर आला. समोरच्या गावचे लोकसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पुढच्या शनिवारी बँड वाजला, केक कापला, आणि निरोपाचा खेळाडू माझा ॲप्रन बांधून टपरीत चहा ओतत होता. गर्दी मैदानाकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभी होती. सामना कुणी जिंकला ते मला नंतर विचारून घ्यावं लागलं.

गावात मात्र त्या आठवड्यात बऱ्याच जणांची पंचाईत झाली. न्हाव्याला अकरा वर्षं ताटकळत ठेवलेल्या मैत्रिणीशी लग्नाची तारीख ठरवावी लागली. मीही सोमवारी सकाळी डेरेकच्या हातात रंगाचा डबा दिला. तो निमूट बाहेर गेला. कार्लने दिलेला शर्ट खराब होऊ नये म्हणून त्याने तो काढून खुंटीला लावला होता.

दहा वाजता कार्लची शिकवणीची गाडी आली. त्याने मागे पाहिलं, वळायचा दिवा लावला, आणि रिकाम्या रस्त्यावरही अगदी सांभाळून गाडी कडेला घेतली. उतरला तेव्हा हातात ब्रश होता.

“सरक, म्हाताऱ्या,” तो म्हणाला. “हे काम माझ्यामुळे आलंय तुझ्यावर.”