फक्त पंचवीस मिनिटं

“फक्त पंचवीस मिनिटांची फ्लाइट आहे, मॅडम. मी वेबसाइटवर बघितलंय. तुम्ही विमान पाठवा.”

फोनवरचे गृहस्थ बेंगळुरूतल्या के. आर. पुरमला राहणारे, आयटीतले, मूळ सोलापूरचे. त्यांची आई त्यांच्याबरोबर गुलबर्ग्याला लग्नाला गेली आणि मांडवातच कोसळली. पूर्वी सोलापुरात बदललेली हृदयाची झडप बिघडली होती. सोलापूरचेच सर्जन लगेच ऑपरेशनला तयार होते, पण उशीर झाला तर काही खरं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

मी बेंगळुरूत एका एअर ॲम्ब्युलन्स कंपनीत डिस्पॅचर आहे. विमान कधी, कुठून, किती इंधन घेऊन निघेल हे मी ठरवते. आणि ‘फक्त’ या शब्दाने माझं डोकं फिरतं.

गुलबर्गा ते सोलापूर पंचवीस मिनिटं, हे खोटं नव्हतं. पण तो फ्लाइट टाइम, म्हणजे विमान हवेत असतं तेवढाच वेळ. आमचं विमान बेंगळुरूत उभं होतं. ते आधी गुलबर्ग्याला न्यायचं. त्यासाठी दोन्ही विमानतळांची परवानगी घ्यायची. आईंना शहराबाहेरच्या विमानतळावर आणून मशिनांसकट चढवायचं आणि सोलापुरात उतरवून पुन्हा ॲम्ब्युलन्समध्ये घालायचं. मी बेरीज केली. पाच तास, तेही सगळं सुरळीत झालं तर. रस्त्याने अडीच.

आमचे बॉस राव सर मागे उभे होते. क्रू तयार, क्लायंट तयार, तुझंच काय अडलंय, असं त्यांचं म्हणणं. मी बेरीज दाखवली. त्यांनी आकडे पुन्हा तपासले.

“सरी, ठीक आहे. पण रस्त्यात काही झालं तर नाव तुझं येईल.”

ते मलाही कळत होतं. मी फोन उचलला.

“ॲम्ब्युलन्स आत्ता कुठे आहे?”

“इथल्या हॉस्पिटलच्या दारात. डॉक्टरही आहेत सोबत.”

“मग विमानाची वाट बघू नका. रस्त्याने निघा.”

“विमान कंपनीच मला रस्त्याने जा म्हणतेय? आईला वाटेत काही झालं तर?”

मी एवढंच म्हणाले की माझी आई असती तर मी रस्त्यानेच नेली असती. त्यांनी फोन ठेवला. ते निघाले की दुसऱ्या कंपनीला फोन लावताहेत, तेही कळेना. राव सरांनी तोवर परवानगीचा अर्ज पाठवून दिला. मी त्यांना अडवलं नाही. मला भीती वाटत होती.

त्या दुपारी मी बाकीची कामं उरकत राहिले. शेवटी त्यांचाच मेसेज आला: आई ऑपरेशन थिएटरमध्ये आहे.

आमच्या विमानाला गुलबर्ग्यात उतरायची परवानगी त्यानंतर आली. आई वाचल्या. राव सरांनी पायलटला घरी पाठवलं आणि मला म्हणाले, “आज तू कंपनीची एक ट्रिप घालवलीस.”

हल्ली कुणी फ्लाइट टाइम विचारला, की मी आधी विचारते, विमान कुठे आहे आणि पेशंट कुठे आहे.