'अहो' नावाचा खण

एकाहत्तरच्या डिसेंबरात जाईबाई सांगलीच्या कॉम्प्युटर केंद्रात कार्डांना भोकं पाडायच्या कामावर होती. कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं, आणि त्यांना जे सांगायचं ते सगळं या कार्डांवर टंकायचं, की अक्षरागणिक भोकं पडत. नवरा धोंडिराम फौजेत, लढाई पेटलेली, आणि त्याची खबर नाही.

केंद्राचे मुख्य साहेब लालासाहेब, औंधचे. डोकं तल्लख, पण माणूस लय तऱ्हेवाईक. कॉम्प्युटरच्या पोटात आकडे ठेवायला खण असतात, आणि प्रत्येक खणाला आपण नाव द्यायचं. आता साखर कारखान्याच्या उसाचा हिशेब करताना वजनाच्या खणाला शहाणा माणूस 'वजन' म्हणेल की नाही? छे! यांनी गावातल्या पोती उचलणाऱ्या हमालाचं नाव ठेवलं, धोंडी.

वजन खणात भरायची पहिली कार्डं जाईबाईच्या जोडीला कामावर असलेल्या बनाबाईनं केली. मग ते वजन छापून मागायची कार्डं करायला जाईबाई बसली आणि तिचे हातच चालेनात. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. जे घरात कधी घेतलं नाही, ते ऐन लढाईत यंत्रात ठोकायचं? साहेबांना सांगायचीही लाज. तिनं जिथं जिथं धोंडी होतं तिथं इंग्रजी अक्षरांत 'अहो' टंकलं.

संध्याकाळी छापलेला कागद बाहेर आला. 'अहो', आणि पुढं शून्य.

अहो शून्य, म्हणजे ते आता नाहीत, असंच तिनं धरलं आणि रडायला लागली. लालासाहेब तणतणत आले, कार्डं चाळली, हे काय म्हणून विचारलं. तिनं रडत रडत सांगितलं, तसा त्यांचा राग कुठल्या कुठं गेला.

"बाई, ऊस धोंडीच्या खणात पडलाय आन् तुमी मागताय अहोंच्या खणातनं. नाव कायबी ठेवा, पर सगळीकडं एकच ठेवा."

तिची कार्डं बदलायला सांगतील, असं तिला वाटलं. पण साहेब स्वतः यंत्रावर बसले आणि बनाबाईची कार्डं धोंडीच्या जागी 'अहो' घालून त्यांनी नव्यानं टंकली.

कार्डं पुन्हा खडखडत आत गेली. या वेळी 'अहो'पुढं साऱ्या उसाचं वजन आलं, काटा न चुकता. जाईबाई बघतच राहिली. त्या लोखंडाला धोंडिराम कोण, अहो कोण, काही ठाऊक नाही. तरी हाक मारली की ते नेमकं त्याच खणापाशी जातं, हे तिला देवाच्या करणीसारखं वाटलं. तिनं कागद कपाळाला लावला.

"म्हंजे साहेब," ती हळूच म्हणाली, "नाव न घेताबी हाक पोचती."