गरीब गाय

गल्लीच्या तोंडाशी बॅटरी-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान होतं. मालकाला सगळे उस्ताद म्हणत. हे नाव त्याने स्वतःच पसरवलं होतं. गिऱ्हाईक आलं की तो बोटांना थुंकी लावून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर ठेवायचा. "डीसी म्हणजे गरीब गाय. सरळ एका दिशेने चालते. एसी मात्र पुढे-मागे हिसके देणारं जनावर!" लोक तोंडात बोटं घालायचे.

बायको शेजारी बसून वायरी सोलायची. तिला हे काम मनापासून शिकायचं होतं. एकदा तिने विचारलं, "अहो, इन्व्हर्टरमधून निघते तीही बॅटरीचीच वीज ना? मग तीही गरीबच?"

"आल्या प्राध्यापिका बाई!" गिऱ्हाइकांसमोर तो खो खो हसला. उत्तर काही दिलं नाही.

पुढे एकदा लाइट गेलेली असताना तिने इन्व्हर्टरची उघडी वायर धरली. बॅटरीचीच तर होती! पण इन्व्हर्टर आत डीसी घेतो आणि बाहेर एसी सोडतो. तिची मूठ अशी आवळली की शेजाऱ्याने बटण बंद करेपर्यंत सुटली नाही. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

नवरा शरमला असेल असं वाटतं? छे! तो आता गिऱ्हाइकांना तिचा तो हात वर धरून दाखवायचा. "ही एसी." मग डावा धरायचा. "आणि ही डीसी." लोक हसायचे. तीही हसायची, आणि आतून जळायची.

मग उस्तादाने एका घराच्या छतावर सोलर पॅनेल बसवायचं पहिलं काम घेतलं. माल पोचवायला आलेला माणूस तिलाच बजावून गेला, "वहिनी, इतकी पॅनेल एकापुढे एक जोडली की डीसी पाचशे-सहाशे व्होल्टवर जाते. उन्हात उघडा हात लावला तर माणूस जागीच जाईल. सांगा त्यांना."

छतावर सगळी पॅनेल जोडून झाली, शेवटच्या दोन वायरींची टोकं तेवढी उघडी होती. भर उन्हात उस्ताद शिडीपाशी उभा राहिला. तिने पिशवीतून रबरी हातमोजे काढले. "अहो, त्या वायरींचं जरा ऐका—"

"मोजे? डीसीला?" त्याने घरमालकाकडे बघून डोळा मारला. "हिचा फार अभ्यास झालाय. दाखव गं हात!"

तिने हात दाखवला. घरमालक हसला. तिने मोजे पिशवीत परत टाकले.

"काय सांगत होतीस?"

"काही नाही. सावकाश चढा."

वर पोचल्यावर त्याने खाली घरमालकाला हाक मारली, "हे बघा हं!" आणि बोटांना थुंकी लावली. ती शिडी धरून उभी होती.