ओरखडा न पडणारं घड्याळ

नवरा मस्कतहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने माझ्यासाठी एक काळं घड्याळ आणलं होतं. चौकट, पट्टा, सगळं सिरॅमिकचं. नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत, आणि हातात घेतलं की थंडगार लागायचं. किंमत त्याने सांगितली नाही. मी मोबाईलवर शोधून काढली आणि ते घड्याळ तडक कपाटात ठेवलं. त्याने ते बाहेर काढून माझ्या मनगटावर चढवलं.

"हे कपाटात ठेवायचं नाही. रोज घालायचं. ह्याला ओरखडा पडत नाही."

"माझं काम माहीत आहे ना तुला?"

"म्हणूनच तर हे घेतलं."

मी चिचगडला पशुवैद्यकीय अधिकारी आहे. माझे हात दिवसभर गुराढोरांत, जंतुनाशकात, नाहीतर दोरखंडात असतात. नवरा परत गेला आणि मी ते घड्याळ घालून कामावर जाऊ लागले. तेव्हापासून जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. दवाखान्यासमोर जनावरं अडकवायचा लोखंडी खोडा आहे. बैलाने मान झटकली की माझा हात त्या लोखंडावर आपटायचा, खट्ट आवाज व्हायचा, आणि मी बैल सोडून घड्याळाकडे बघायची. एकदा त्यावर लांबच लांब राखाडी रेघ दिसली. ओल्या फडक्याने पुसलं, साबणाने घासलं, तरी रेघ जाईना. शेवटी टेबलावरचं खोडरबर घेऊन घासलं, तेव्हा ती निघून गेली. घड्याळ झिजलं नव्हतं, लोखंडच त्याच्यावर उमटलं होतं.

नवऱ्याचा फोन आला की पहिला प्रश्न घड्याळाचा असायचा. "घालतेस ना? कसं आहे?" आधी मला त्याचं कौतुक वाटायचं. मग ते खटकू लागलं. मी कशी आहे हे तो नंतर विचारायचा, आणि कधी येणार हे मी विचारलं की लाईन खराब व्हायची. फोन ठेवल्यावर मी उगाच अंगणात फेऱ्या मारायची. काहीतरी आहे असं वाटायचं, पण काय ते कळत नव्हतं.

एका सकाळी जवळच्या गावातून फोन आला. पहिलारू गाय विताना रात्रीपासून अडली होती. माझा मदतनीस रजेवर होता, म्हणून मी एकटीच गेले. गोठ्यात गाय आडवी पडली होती. शेतकरी तिच्या डोक्याशी बसला होता आणि त्याची बायको गरम पाण्याची बादली घेऊन उभी होती. हातमोजे चढवायच्या आधी मी घड्याळ काढलं.

"काऊन जी मॅडम, घडी काऊन काढून राहिल्या?" बाईने विचारलं.

"आत हात घालायचा आहे. जरा सांभाळता का? सिरॅमिकचं आहे."

"म्हणजे कायचं जी?"

"चिनीमातीसारखंच म्हणा."

"मंग हे तं कपबशीवानी फुटंल ना!" ती म्हणाली, आणि कुठे ठेवलं तर गुरं तुडवतील म्हणून तिने ते सरळ स्वतःच्याच मनगटावर, बांगड्यांच्या पुढे घातलं.

वासराचा पुढचा एक पाय आत दुमडलेला होता. तो सरळ करता करता माझा खांदा भरून आला. दोन्ही पायांना दोर बांधला आणि गायीने कळ दिली की ओढायचं, असं आम्ही तिघांनी सुरू केलं. बाई माझ्या मागे होती. एका मोठ्या कळेला वासरू एकदम सुटून आलं, आणि आम्ही दोघी मागच्या मागे कोलमडलो. तिचा हात दगडी गव्हाणीवर आपटला.

मी आधी वासराचं नाक मोकळं केलं. काडीने नाकपुडीत गुदगुली केली, छाती चोळली. ते शिंकलं, मग त्याने श्वास घेतला. मागे वळून बघते तर बाई रडत होती. बांगड्या फुटून मनगटातून रक्त वाहत होतं. घड्याळ खाली फरशीवर पडलं होतं. पट्ट्याची एक कडी तुटली होती आणि चौकटीच्या कडेचा टवका उडाला होता.

"माह्या हातानं फुटलं जी मॅडम. एवढी भारी वस्तू!"

"अहो, रडताय कायले? वासरू तर बघा," मी म्हणाले, आणि तिच्या मनगटातली काच काढायला बसले. घड्याळ चालूच होतं. पट्टी बांधून होईपर्यंत गाय उठून वासराला चाटायला लागली होती.

संध्याकाळी मीच नवऱ्याला फोन लावला आणि अडलेल्या गायीच्या गोठ्यात घड्याळ तुटलं म्हणून सांगितलं. मग त्याने विचारलं, "वासरू जगलं?"

"जगलं. कालवड आहे."

मग तो म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं. सुट्टीवर यायच्या आधीच मी इथला करार वाढवून घेतला होता. तोंडाने सांगवेना, म्हणून घड्याळ घेतलं."

मला राग आला, खूप आला. इतके महिने मी ज्याच्या भोवती घुटमळत होते ते हेच होतं.

"घड्याळ कसं आहे हे दर फोनला विचारत होतास," मी म्हणाले. "कराराचं एकदा सांगितलं असतंस तर मी भांडले असते, रडले असते, आणि मोकळी झाले असते. असं तळमळत ठेवायला नको होतंस."

"आता भांड."

मी भांडले. बऱ्याच दिवसांनी आम्ही घड्याळ सोडून बोललो.

कडी बाहेरून मागवावी लागली. नागपूरच्या दुकानातून घड्याळ परत यायला पावसाळा उलटला. टवका तसाच आहे. तो भरून निघत नाही म्हणे. मी ते घालते, कधी विसरते.

त्या भांडणानंतर नवऱ्याने करार मध्येच सोडला. आता तो नागपुरात नोकरी करतो, पगार कमी आहे. शनिवारी बसने जवळच्या देवरीला उतरतो आणि मी स्कूटरने आणायला जाते. घरी आला की त्याला करमत नाही. या खोलीतून त्या खोलीत फिरतो, फडताळातले डबे उगाच हलवतो. मी म्हणते, "जरा एका जागी बस ना." तो म्हणतो, "बसतो, बसतो," आणि पुन्हा उठून दाराशी जाऊन उभा राहतो.