फाटकबाईंचं अर्धं फाटक

तिचं आडनाव वेगळंच होतं, पण पोस्टमनसकट सगळे तिला फाटकबाई म्हणत. जुनी इमारत पाडायला काढली की ही तिथे हजर. कठडे, खिडक्यांच्या जाळ्या, गोल जिने, फाटकं, जे नक्षीचं लोखंड दिसेल ते विकत घ्यायचं, गंज खरवडायचा, तेल चोळायचं आणि नवं घर बांधणाऱ्या हौशी माणसाच्या गळ्यात घालायचं. वखार वडिलांची. पन्नाशी उलटली तरी लग्नाचं जमलं नव्हतं, आणि त्याचं तिला फारसं सोयरसुतकही नव्हतं. सोबतीला थोरली बहीण होती. तिची जीभ म्हणजे कानसच!

एकदा बंद पडलेल्या नाट्यगृहातून अर्धं फाटक आलं. त्यावर मान वळवलेला हंस होता. दुसरं अर्धं कुणीतरी कधीच उचलून नेलेलं.

“अर्ध्या फाटकाचं काय लोणचं घालणारेस?” ताई म्हणाली.

“असू दे गं. मिळेल जोडी.”

पुढे एका माडीवरच्या जाळ्या उतरवताना तिनं सहज खाली पाहिलं, तर शेजारच्या बेकरीच्या अंगणात दुसरा हंस! विटांवर आडवा टाकलेला, अंगावर धुतलेले ट्रे वाळत. ती तशीच धुळीनं माखलेली खाली धावली.

“हे विकणार? याची जोडी माझ्याकडे आहे.”

बेकरीवाला विधुर होता, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा. “छे! मग माझे ट्रे कशावर वाळवू? उलट तुमच्याकडचं मलाच द्या.”

तेव्हापासून ती दर आठवड्याला जाऊ लागली. घासाघीस व्हायची, आवाज चढायचे, आणि तो नकाराबरोबर गरम पावांची पिशवीही हातात ठेवायचा.

“पाव येतात, फाटक काही येत नाही,” ताई म्हणाली. “आणि हल्ली तिकडे जाताना वेणी नीट कशी असते गं?”

फाटकबाई एकदम खोकू लागली.

शेवटी ताईच पदर खोचून बेकरीत गेली. “खरं सांगा, फाटक सोडवत नाही की माझ्या बहिणीचं येणं थांबेल म्हणून घाबरता?”

बेकरीवाल्याच्या हातातला ट्रे धाडकन खाली पडला. “दुसरं,” तो पुटपुटला.

महिन्याभरात लग्न लागलं. दोन्ही हंस बेकरीच्या दारात समोरासमोर उभे राहिले. बिजागऱ्या कुठे बसवायच्या यावरून नवराबायकोत अशी जुंपली की गिऱ्हाइकं पाव विसरून तमाशा बघत राहिली. वखार मात्र तिनं सोडली नाही. दुपारी भट्टी थंडावली की तोही तिच्याबरोबर निघतो, शिडी धरायला. उंचीची त्याला भयंकर धास्ती, त्यामुळे चढते तीच.

“अहो, घाबरू नका!” ती वरून ओरडते.

“मी कुठे घाबरतोय? मी तर खाली उभा आहे!” तो डोळे गच्च मिटून म्हणतो.