टिकली लाल की हिरवी?

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार माणसं एका वेडापायी दर रविवारी एकत्र आली की ते आपोआप साठत जातात, फणसाच्या दिवसांत घरात गरे साठतात तसे. खाऊन संपत नाहीत, शेजारीपाजारी देऊन संपत नाहीत! म्हणून आज थोडे तुमच्या ताटात वाढते.

आमचं वेड एअरसॉफ्टचं. म्हणजे खऱ्यासारखी दिसणारी, बॅटरीवर चालणारी खेळण्यातली बंदूक, मिरीच्या दाण्याहून जरा मोठी प्लॅस्टिकची गोळी, डोळ्यांवर जाड गॉगल, आणि झाडांआडून एकमेकांना टिपायचं. लागली तर चिमटा बसल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही. लोक दिवेआगरला येऊन समुद्रात पाय बुडवतात, आम्ही इथलेच असून सुपारीच्या बागेत पोटावर सरपटतो.

आम्ही म्हणजे कोण? मी, मेघा, नवऱ्याबरोबर होमस्टे चालवते. जावेदचं श्रीवर्धनला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. रूपेश पेणकडचा, स्वतःचा ट्रेलर घेऊन बंदरावर येतो आणि रविवारी इथेच मुक्काम ठोकतो. आणि आमचे सगळ्यांचे सेनापती नाना, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मागच्या मोठ्या वादळात त्यांच्या सुपारीच्या वाडीतली बरीच झाडं आडवी झाली, ती मोकळी जागा म्हणजे आमचं मैदान.

तर गेल्या वर्षी सेनापतींची नजर दगा द्यायला लागली. नेम धरायचा तर बंदुकीच्या टोकावरची खूण आणि समोरचा माणूस एका रेषेत यावे लागतात. नाना वैतागून म्हणाले, "खूण बघितली तं माणूस धुरकट. माणूस बघितला तं खूण गायब. दोघांची भेटच व्हत न्हाय!"

आणि मग त्यांनी जाहीर करून टाकलं, "पाऊस लागायच्या आत माझ्या हातून एक तरी माणूस टिपला न्हाय, तं बंदूक माळ्यावर. आणि या जागेत सुपारीची रोपं!"

नाना ड्रायव्हर माणूस. बोलले की वळणार नाहीत.

* * *

उपाय जावेदने काढला, रेड डॉट. बंदुकीवर बसवायची छोटीशी नळी. तिच्या काचेत लाल ठिपका दिसतो. खुणा जुळवायची भानगड नाही, ठिपका माणसावर ठेवायचा आणि घोडा ओढायचा. खऱ्या बंदुकीवरच्या रेड डॉटची किंमत ऐकून नाना म्हणाले, "तेवढ्यात म्हस येईल!" म्हणून आपली रेप्लिका, म्हणजे स्वस्तातली नक्कल. खऱ्या बंदुकीचा धक्का तिला सोसायचा नाही, पण आमची बंदूक धक्का कसला देते, शिंकते फक्त.

जावेद मोबाइलवर नानांना फोटो दाखवत होता. काकू, म्हणजे नानांच्या मिसेस, चहा घेऊन आल्या आणि मागून डोकावल्या. म्हणाल्या, "एवढं लाखाचं यंत्र, आणि दिसतं काय? टिकली!"

तेव्हापासून रेड डॉट हा शब्द आमच्यात कुणी उच्चारलेला नाही.

* * *

टिकलीने पहिला घोळ घातला तो रूपेशच्या घरी. त्यालाही एक हवी होती. जावेदने व्हॉट्सअ‍ॅप केलं, "टिकली बघून ठेवली. लाल पण आहे, हिरवी पण आहे. तुला कोणती पाहिजे? घरी बोलू नको."

मेसेज वाचला त्याच्या बायकोने, सुगंधाने! संध्याकाळी मला फोन. आवाज असा, की मी आधी खुर्ची ओढून बसले. "वयनी, खरा सांगा. कोन हाय ती?"

मी हसू आवरत तिला समजावलं. अगं, बाई नाही, काही नाही. ती बंदुकीवर लावायची टिकली आहे.

पलीकडून एक मोठा सुस्कारा. "मंग तं वाईटच झाला, वयनी. बाई आसती त एक दिस कंटालला आसता. बंदूक काय सोराचा नाय तो!"

* * *

रूपेशने हट्टाने हिरवीच घेतली. म्हणे, डोळ्याला थंड असते. आता सुपारीची वाडी म्हणजे वर हिरवं, खाली हिरवं, मध्ये केळीचं हिरवं. त्यात हिरवा ठिपका दिसणार कुठे? पहिल्याच खेळात भर मैदानात ओरडला, "थांबा, थांबा! माजी टिकली परली!"

आणि खरंच गुडघ्यावर बसून पाचोळा चाचपायला लागला. जावेद तर हसून हसून झाडाला टेकला.

काकू आत गेल्या, एक पाकीट घेऊन आल्या आणि शांतपणे रूपेशच्या हातात ठेवलं. "ही घे बाबा. हिला गोंद हाय."

* * *

नानांची टिकली आणायला जावेद स्वतः मुंबईला गेला आणि मांडव्याच्या बोटीने परत आला. जेट्टीवर सिक्युरिटीवाल्याने बॅग उघडली. काळी नळी बघून त्याच्या भुवया वर! जावेद पटकन म्हणाला, "साहेब, खेळण्यातली आहे. बघा ना आतून."

त्याने डोळ्याला लावली. समुद्राकडे बघितलं. बोटीकडे बघितलं. मग दुसऱ्याला हाक मारली, त्यानेही बघितलं. दोघांची हळू आवाजात चर्चा झाली. जावेदला वाटलं, आता रात्र चौकीवर!

पहिल्याने नळी परत बॅगेत ठेवली आणि जावेदच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, यातनं मोठं कायच दिसत न्हाय. फसवलं तुम्हाला! बोट लगेच परत जातेय, जाऊन बदलून आणा."

* * *

स्वस्त वस्तू घ्यायची तर खोका नीट वाचावा. आमच्या खोक्यावर एका बाजूला "वॉटरप्रूफ" आणि दुसऱ्या बाजूला "पाण्यापासून लांब ठेवा". आणि आतली बॅटरी मेलेली. रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल, तो इथे लगेच मिळतो कुठे?

नानांना धीर नाही. आमच्या होमस्टेच्या टेबलावर गाडीची चावी पडलेली दिसली. माझीच असेल असं समजून त्यांनी ती उघडली, आतला सेल काढला आणि टिकलीत घातला. चावी होती पुण्याच्या पाहुण्यांची!

पाहुणे समुद्रावरून ओल्या कपड्यांनी आले. चावीचं बटण दाबतायत, दाबतायत, गाडी ढिम्म. पोरं थंडीने कुडकुडतायत. "अहो, गाडी मेली वाटतं!" असा आरडाओरडा चाललेला. तेवढ्यात शेजारच्या वाडीतून नाना बंदूक नाचवत धावत आले, चेहरा नुसता फुललेला.

"मेघा! पेटली गं, पेटली!"

पाहुणे गाडीपासून लांब पळाले!

* * *

त्या टिकलीचे स्क्रू बंदुकीच्या थरथरीने ढिले व्हायचे. त्यावर साधा इलाज, स्क्रूला नेलपॉलिशचा थेंब लावायचा. सुकलं की स्क्रू हलत नाही. माझी बाटली संपल्यावर नाना स्वतः बाजारात गेले.

दुकानातल्या मुलीने विचारलं, "कोणाला हवीय, आजोबा? रंग कसा आहे त्यांचा?"

नाना म्हणाले, "काळी हाय. प्लॅस्टिकची."

* * *

आणि मग आली कोलंबी.

सगळं बसवून झालं. नानांनी पहिल्यांदा नीट बघितलं आणि म्हणाले, "ही गोल न्हाय. ही तं कोलंबी हाय. वाकडी, शेपटीसकट."

जावेदने बघितलं, गोल. मी बघितलं, गोल. नाना हटून बसले. स्वस्तातला माल, असेल खराब म्हणून जावेदने बदलून आणली. कोलंबी! रूपेशची आणून दाखवली. हिरवी कोलंबी! दुकानदाराने जावेदचा नंबर ब्लॉक केला.

शेवटी जावेदने डोकं चालवलं. नानांना बघायला सांगून नळी हळूहळू फिरवली. "शेपटी फिरते का, नाना?"

"न्हाय. हाय तिथंच हाय."

मग मोबाइलच्या कॅमेऱ्याने काचेतून फोटो काढला. फोटोत चक्क गोल ठिपका. नाना फोटोकडे बघत राहिले, मग हसले. "म्हंजे माल सगळा चांगला. पीस मीच खराब निघालो."

आम्ही पण हसलो, पण मला फार वाईट वाटलं. या माणसाने आयुष्यभर घाटातून रात्रीअपरात्री शेकडो लोकांना सुखरूप घरी आणलंय. त्याने स्वतःला खराब पीस म्हणावं, हे मला सहन होईना. दुसऱ्याच दिवशी त्यांना गाडीत घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतो?"

नाना म्हणाले, "बंदुकीत कोलंबी दिसते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "वास येतो का?"

* * *

बुबुळाचा आकार जरा वेडावाकडा, त्यासाठी तिरपा नंबर निघाला. नवा चष्मा आला आणि टिकली गोल झाली. पण गोल झाली म्हणून माणसावर थांबते थोडीच! मे महिन्याचा दमट उकाडा, गॉगलच्या आत चष्मा, त्यावर वाफ. नानांनी नारळ टिपले, पाण्याची टाकी टिपली, काकूंची वाळत घातलेली साडी टिपली. माणूस काही टिपला जाईना.

अखेर शेवटचा रविवार उजाडला. सकाळीच टेम्पो येऊन सुपारीची रोपं उतरवून गेला. कुंपणाशी ती हिरवीगार रांग बघून कुणाला चहा गोड लागेना. नाना म्हणाले, "आज मी एकटा. तुम्ही तिघं. व्हा सुरू!"

आमच्या खेळात पंच नसतो. ज्याला गोळी लागली त्यानेच हात वर करून "लागली!" म्हणून ओरडायचं आणि वाडीबाहेर पडायचं. सगळा खेळ इमानावर. इतक्या रविवारांत आमच्यातलं कुणी यात खोटं बोललेलं नाही.

मी झावळ्यांच्या ढिगामागे लपले. जावेद टाकीमागे, रूपेश पार पलीकडच्या टोकाला केळींत. नाना मधल्या ओंडक्याआड. वाडीत चिडीचूप. माझं लक्ष सारखं त्या रोपांकडे जात होतं, आणि मी मनाशी काहीतरी ठरवून बसले होते.

ओंडक्याआडून आवाज आला, "टक्!"

एकच.

मी ताडकन उभी राहिले, हात वर केले. "लागली!"

त्याच क्षणी टाकीमागून जावेदचा आवाज, "लागली!"

आणि पलीकडच्या टोकाच्या केळींतून रूपेश, "लागली रं, लागली!"

तिघांचे सहा हात वर. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि तोंडं कुठे लपवावी कळेना.

नाना ओंडक्यामागून हळूहळू उठले. गॉगल कपाळावर सरकवला. बंदूक उलटी करून आम्हाला दाखवली. खालचा गोळ्यांचा डबा जागेवरच नव्हता.

"मी अजून गोळ्या भरल्या न्हाईत," ते म्हणाले. "टिकली बघता बघता घोडा दाबला गेला."

केळींतून रूपेशचा बारीक आवाज आला, "नाना, मना तरी बी लागली!"

नानांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, बराच वेळ पुसला. परत लावला. आमच्याकडे बघितलं, मग कुंपणाकडे बघितलं.

"मेलात ना तिघं? मग चला, वाडीबाहेर. आणि जाताना ती रोपं उचला. पल्याड, हिरीकडं लावू. इथं कुठाय जागा?"